तोंडाचा वास, जस्त आणि तांब्याचा तांब्या

कुंडईकर (धागाकर्ता)

आमच्या घरच्या ग्रुपवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय. रात्री तांब्याच्या तांब्यात पाणी भरून ठेवा, सकाळी अनशापोटी प्या, तोंडाचा वास कायमचा जाईल. पाठोपाठ भाच्याने माउथवॉशच्या बाटलीचा फोटो टाकला, लेबलवर ठळक अक्षरांत 'झिंक'. मग मामांनी विचारलं, तांबं झालं, जस्त झालं, तोंडात भांड्यांचं दुकान घालायचंय का? औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये माझं आयुष्य गेलं, त्यामुळे असले प्रश्न माझ्याच गळ्यात पडतात. तिथे दोन ओळींत उरकलं. इथे जरा ऐसपैस लिहितो.

आधी वास येतो कशाचा ते. जिभेच्या मागच्या भागावर आणि हिरड्यांच्या फटींत, जिथे प्राणवायू नीट पोचत नाही, तिथले जंतू लाळेतली, गळून पडलेल्या पेशींतली आणि अन्नाच्या कणांतली प्रथिनं फोडत बसतात. प्रथिनांतल्या सिस्टीन आणि मेथिओनीन या अमिनो आम्लांत गंधक असतं. सिस्टीनपासून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, म्हणजे कुजक्या अंड्याचा वास. मेथिओनीनपासून मिथाइल मर्कॅप्टन, तो सडलेल्या कोबीसारखा आणि नाकाला जास्त झोंबणारा. सिलिंडरच्या गॅसची गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम घालतात तो इथाइल मर्कॅप्टन त्याच कुळातला. तिसरा डायमिथाइल सल्फाइड, त्याच्याकडे मागाहून वळू. कॅनडातल्या टॉन्झेटिच नावाच्या संशोधकांनी हे वायू तोंडातल्या हवेत मोजून दाखवले. त्यांचा १९७७ चा आढावा या विषयात अजून पायाभूत मानतात.

आता धातू. बीएस्सीला ज्यांनी क्षार ओळखण्याचं प्रॅक्टिकल केलंय त्यांना किपचं उपकरण आठवेल, त्यात हाच हायड्रोजन सल्फाइड तयार करायचे. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात उभं, आणि दोन खोल्यांपलीकडून कळायचं की आज गॅस सोडलाय. परीक्षानळीत तांब्याचा क्षार, थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल, त्यात तो वायू बुडबुड सोडला की क्षणात काळा साका. कथिलाचा स्टॅनस क्षार असेल तर तपकिरी. जस्ताचा क्षार मात्र आम्लात ढिम्म. अमोनिया घालून द्रावण अल्कधर्मी केलं की मग हळूहळू मळकट पांढरा साका खाली बसायचा.

तोंडातल्या वासावर धातूचे आयन काम करतात ते नेमकं हेच. गंधकाला धातू चिकटला की सल्फाइड तयार होतं. ते पाण्यात विरघळत नाही, हवेत उडत नाही, आणि उडत नाही त्याला वासही नाही. जंतू मेले का, हा प्रश्नच वेगळा. ते जिवंत राहिले तरी त्यांनी सोडलेला वायू जागच्या जागी पकडला जातो. शिवाय जस्त जंतूंच्या प्रथिनं फोडणाऱ्या काही एन्झाइम्सनाही अडवतं, पण मुख्य काम बांधायचं.

परीक्षानळीतला क्रम तोंडातही टिकतो. २००१ मध्ये ओस्लोच्या संशोधकांनी तिन्ही धातूंचे क्षार तोंडात तपासले. सगळ्यांत जोरदार तांबं, मग कथिल, मग जस्त. तरी बाजारात राज्य जस्ताचं. कारण साक्याचे रंग वर दिलेच आहेत: काळा, तपकिरी, पांढरा. दातांवर कुठला चालेल? आणि आम्लात जस्त हटून बसतं ही अडचण तोंडात येत नाही, कारण लाळ साधारण उदासीन असते.

थोडक्यात, लेबलवरच्या झिंकमागे खरं रसायनशास्त्र आहे. तांब्यातल्या पाण्याबद्दल मला शंका आहे. ती आधी कोणीतरी विचारेलच, म्हणून थांबतो.

---

माशेलची माई

विचारतेच. आमच्याकडे सासूबाईंच्या वेळेपासून तांब्याचा कळसो भरलेला असतो. तांब्याचे आयन पाण्यात उतरतात हे तर खरं ना, आणि तेच आयन वास बांधतात हे तुम्हीच वर म्हणता. मग पाणी प्याल्यावर काम का नाही करायचे?

---

कुंडईकर

माई, प्रश्न अगदी बरोबर जागी लागला. उत्तर प्रमाणात आहे.

पिण्याच्या पाण्यात तांबं लिटरला २ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावं अशी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. आता माउथवॉश घ्या. ०.३ टक्के झिंक अॅसिटेट असलेला असेल तर लिटरमागे जस्त भरतं हजार मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे कळशातलं पाणी मर्यादेच्या काठावर असलं तरी फरक शेकडो पटींचा. त्यात पाणी आपण घोटाघोटाने गिळतो. जिभेच्या मागच्या भागावर ते टेकतं किती वेळ? वास घालवण्याइतकं तांबं पाण्यात उतरलं तर ते पाणी कडू लागेल, मळमळेल, आणि मग वास हा दुय्यम प्रश्न होईल.

पाणी रात्रभर तांब्यात ठेवल्यावर त्यातले जंतू बरेच मरतात, हे खरं आहे आणि तो कळशाचा मोठा गुण. पण पाण्यातले जंतू निराळे, तुमच्या जिभेवरचे निराळे.

एक मात्र पाळा. सोलकढी, ताक, चिंचेचं सार, काहीही आंबट त्यात ठेवू नका. कल्हई असेल तर वेगळी गोष्ट. कल्हई म्हणजे कथिलाचा थर, तो आंबट आणि तांब्याची गाठ पडू देत नाही.

---

माशेलची माई

कल्हईवाला मिळायला तर हवा. पूर्वी दारावर यायचा, नवसागराचा तो पांढरा धूर आणि आम्ही पोरं भोवती. आता सगळं स्टील.

कळसो पाण्यापुरताच ठेवते. देव बरें करूं.

---

दंतू_म्हापसा

मी दातांची डॉक्टर, म्हापशात प्रॅक्टिस. धागा वाचून बरं वाटलं, कारण माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक दुसऱ्या माणसाच्या पिशवीत माउथवॉशची बाटली असते आणि जीभ शेवटची कधी घासली ते त्याला आठवत नाही.

कुंडईकरांनी रसायन सांगितलं, मी जागा सांगते. दर दहा जणांतल्या आठ-नऊ जणांचा वास तोंडातूनच येतो, पोटातून नाही. तोंडातही सगळ्यांत मोठी जागा जिभेचा मागचा एक तृतीयांश भाग. आरशासमोर जीभ पूर्ण बाहेर काढून बघा. पुढे गुलाबी आणि मागे पिवळट-पांढरा थर असेल तर कारखाना तिथे आहे. दुसरी जागा हिरड्या: दातांवर किटण साचलंय, ब्रश केल्यावर रक्त येतं, हिरडी दातापासून सुटलीय. मिथाइल मर्कॅप्टन अशा सुटलेल्या हिरडीच्या खिशात जास्त होतो. तिथे कुठल्याही धातूची चूळ पोचत नाही. तिथे किटण खरवडून काढणं, म्हणजे स्केलिंगच लागतं.

घरी तपासायचं असेल तर हातावर फुंकून काही कळत नाही, आपलं नाक आपल्या वासाला केव्हाच सरावलेलं असतं. स्वच्छ चमचा उलटा धरून जिभेच्या मागच्या भागावरून हलकेच ओढा, त्यावर आलेला थर थोडा वाळू द्या, मग हुंगा. दाढांच्या फटीतून दोरा फिरवून तोही हुंगा. चमच्याला वास आला तर जीभ, दोऱ्याला आला तर दोन दातांमधली जागा. दवाखान्यातही आम्ही शेवटी नाकावरच भरवसा ठेवतो, शून्य ते पाच अशी श्रेणी असते. गंधकाचे वायू मोजणारी यंत्रं आहेत, पण नाकाला जे कळतं त्यातलं थोडंच त्यांना कळतं.

जीभ न घासता झिंकची चूळ भरणं म्हणजे कचऱ्याची बादली न रिकामी करता तिच्यावर घट्ट झाकण ठेवणं. झाकण चांगलं आहे, त्याबद्दल वाद नाही.

---

भाणवाला

सत्तरीचा माणूस, काजूचा धंदा. एक विचारतो, हसू नका. आमच्याकडे भट्टीला मातीचं भाण, म्हणजे फेणी गाळायचं भांडं, जाऊन तांब्याचं आलं. म्हातारे अजून मातीच्या भाणाची फेणी वेगळी म्हणतात. तांब्याने वास बांधतो म्हणताय, तर निऱ्याचा, म्हणजे काजूच्या बोंडांच्या रसाचा, कुजट वास तांबं खातं का?

---

कुंडईकर → भाणवाला

हसण्यासारखं काय आहे, या धाग्यावरचा सगळ्यांत चांगला प्रश्न तुमचा. फेणीवर मी स्वतः काही मोजलेलं नाही, पण व्हिस्कीवाले तांब्याची भांडी हौसेने वापरत नाहीत. आंबवताना यीस्ट गंधकाची संयुगं तयार करतं, ती गरम वाफेबरोबर वर चढतात, आणि भांड्याच्या आतल्या तांब्याला लागून तिथेच अडकतात. आतून तांबं झिजत जातं ते त्यामुळेच. मातीला ही पकड नाही. तेव्हा म्हातारे वेगळी म्हणतात त्यात तथ्य असणार. त्यांना ती वेगळी म्हणजे चांगली वाटते की कशी, ते तुम्ही जाणा.

---

भाणवाला

चांगलीच म्हणतात. जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं २००९ साली, तेव्हापासून तर जास्तच.

मग सकाळी फेणीची गुळणी भरली तर दोन्ही कामं?

---

दंतू_म्हापसा → भाणवाला

काका, नाही. तांबं भट्टीत राहतं, बाटलीत येते ती दारू. दारूने तोंड कोरडं पडतं आणि कोरड्या तोंडात वास वाढतो. सकाळी उठल्यावर सगळ्यांच्याच तोंडाला वास येतो तोही यामुळेच, रात्री लाळ जवळजवळ थांबते. बाजारातल्या जळजळणाऱ्या माउथवॉशमध्येही अल्कोहोल असतं, ते घेऊ नका असंच मी सांगते. बीपीच्या, अॅलर्जीच्या, नैराश्याच्या बऱ्याच गोळ्यांनी लाळ कमी होते. आमच्या गावात जहाजावरून निवृत्त होऊन आलेले तारवटी पुष्कळ. बीपीची गोळी, संध्याकाळचा पेग आणि तोंड उघडं टाकून झोप. तिन्ही एकत्र आलं की बायको दुसऱ्या खोलीत.

---

तळ्यात_मळ्यात

माझ्या हातात आत्ता तीन टूथपेस्ट आणि एक माउथवॉश आहे. लेबलं वाचतोय. एकात झिंक सायट्रेट, एकात झिंक ऑक्साइड, एकात स्टॅनस फ्लोराइड. माउथवॉशवर झिंक क्लोराइड. सगळं जस्त सारखंच का? नसेल तर कंपन्या आपल्याला सरसकट 'झिंक' म्हणून का विकतात? (दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत आहे.)

---

कुंडईकर → तळ्यात_मळ्यात

सारखं नाही. गंधक पकडायला जस्ताचा आयन मोकळा हवा. क्लोराइड, अॅसिटेट, लॅक्टेट, ग्लुकोनेट हे पाण्यात सहज सुटतात. सायट्रेट जस्ताला अधिक घट्ट धरून ठेवतं. मात्र गंधकाची ओढ त्याहून मोठी, त्यामुळे तेही काम करतं. ओस्लोच्याच मंडळींनी पुढे वेगवेगळे झिंक क्षार घेऊन हे तपासलं होतं. ऑक्साइड पाण्यात जवळपास विरघळतच नाही, आम्ल मिळालं तर सुटतं. पेस्टमध्ये ते काहीच करत नाही असं म्हणणार नाही, पण तेवढ्याच टक्क्यांच्या क्लोराइडची बरोबरी ते करू शकणार नाही. शिवाय पेस्टमध्ये फॉस्फेट असेल तर ते जस्ताला आधीच अडकवतं. म्हणून लेबलवर किती टक्के लिहिलंय त्यापेक्षा कशाच्या सोबत आहे ते बघायचं.

मोकळं जस्त चवीला वाईट. तुरट, धातूची, गालाच्या आतली कातडी आकसल्यासारखी. झिंक क्लोराइडचा माउथवॉश अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून विकला जातोय. एवढ्या वर्षांत कंपन्यांचं निम्मं कसब चव झाकण्यातच गेलंय. पुदिना घातला की जस्त चालतं, पण जास्त जस्त घातलं की पुदिनाही हरतो.

स्टॅनस फ्लोराइड म्हणजे कथिल. १९५० च्या दशकात बाजारात आलेल्या पहिल्या यशस्वी फ्लोराइड पेस्टमध्ये हेच होतं. वासासाठी जस्ताहून जोरदार, जंतूंनाही चांगलं आवरतं. खोट अशी की हवा-पाण्याच्या संगतीत स्टॅनस कथिल हळूहळू स्टॅनिक या दुसऱ्या रूपात जातं आणि मग उपयोग घटतो. दातांवर तपकिरी डागही येतात. हल्लीच्या पेस्टमध्ये हे दोन्ही बऱ्यापैकी आवरलंय.

---

रायबंदरकर

आमचे आजोबा तुरटीच्या पाण्याने गुळण्या करायचे. तुरटी म्हणजे अॅल्युमिनियम ना? तोही धातूच.

---

कुंडईकर → रायबंदरकर

धातू आहे, पण या कामाचा नाही. पुन्हा त्याच प्रॅक्टिकलला जा: अॅल्युमिनियमच्या गटात साका येतो तो हायड्रॉक्साइडचा, सल्फाइडचा नव्हे. पाण्यात अॅल्युमिनियम सल्फाइड टिकतच नाही, फुटून उलट हायड्रोजन सल्फाइडच सोडतं. तुरटीने हिरडी आवळते, रक्त थांबल्यासारखं वाटतं, जंतूंवरही थोडा परिणाम असेल. वायू पकडण्यात तिचा हात नाही.

---

सुकेबांगडे

मुद्द्याचं बोला. शनिवारी चोरीस-पाव (चोरीस म्हणजे आमचं गोव्याचं सॉसेज), रविवारी रेशाद बांगडा, पावसात सुकी सुंगटं. लसणीशिवाय यातलं काही होत नाही. सोमवारी ऑफिसात लोक खुर्ची मागे सरकवतात. झिंक घेऊ का?

---

कुंडईकर → सुकेबांगडे

घ्या, पण लसणीसाठी फार आशा ठेवू नका. इथे वर बाजूला ठेवलेला डायमिथाइल सल्फाइड कामाला येतो. जस्त ज्या रेणूला पकडतं त्याच्या गंधकाला सोडून द्यायला एक तरी हायड्रोजन लागतो. हायड्रोजन सल्फाइडकडे दोन, मिथाइल मर्कॅप्टनकडे एक. म्हणून पहिला पटकन सापडतो, दुसरा जरा त्रास देतो. डायमिथाइल सल्फाइडच्या गंधकाच्या दोन्ही हातांना कार्बन. जस्ताला धरायला जागाच नाही. लसणीतला रेंगाळणारा वास अॅलिल मिथाइल सल्फाइडचा, त्याचीही रचना तशीच. त्यात तो आतड्यातून रक्तात जातो आणि कित्येक तास फुप्फुसातून श्वासावाटे बाहेर येत राहतो. तोंड कितीही धुवा, वास खालून येतोय.

ओहायो स्टेट विद्यापीठात यावर बरंच काम झालंय. लसणीसोबत किंवा लगेच नंतर कच्चं सफरचंद, पुदिन्याची पानं, दूध घेतलं की वास उतरतो. दूध साय काढलेल्यापेक्षा सायीसकट जास्त चांगलं, आणि लसणीनंतर पिण्यापेक्षा लसणीबरोबर. चोरीसबरोबर दूध कसं प्यायचं ते तुम्ही ठरवा.

---

सुकेबांगडे

पात्रांव, चोरीसबरोबर दूध? सफरचंद आणतो.

---

दंतू_म्हापसा → सुकेबांगडे

आणि माशाला उगाच दोष देऊ नका. मासे खाल्ल्याचा वास एक-दोन चुळांनी जातो. सोमवारी दुपारपर्यंत टिकतो तो दाढांमध्ये अडकलेल्या तुकड्याचा. दोरा फिरवा.

---

हळदोणेची_सून

माझा अनुभव, नाव-गाव न घेता. नवऱ्याच्या तोंडाला वास. एका मोठ्या हॉस्पिटलात गेलो, 'पोटातून येतो' म्हणाले. अॅसिडिटीच्या गोळ्या, मग एंडोस्कोपी, मग पुन्हा गोळ्या. कोणी तोंड उघडायला सांगितलं नाही हो! शेवटी दाढ दुखली म्हणून दातवाल्याकडे गेलो. अर्धवट बाहेर आलेली अक्कलदाढ, तिच्यावर हिरडीचं झाकण, आणि त्याखाली काय काय साचलेलं. दाढ काढली, महिन्याभरात वास गेला. मधल्या काळात झिंकची, मिठाची, लवंगेची, सगळी पाणी झाली. तेव्हा पहिल्यांदा दातवाल्याकडे जा, एवढंच.

---

दंतू_म्हापसा → हळदोणेची_सून

ताई, हे फार वेळा होतं. अन्ननलिका एरवी मिटलेली असते, ढेकर सोडली तर पोटातला वास वर येत नाही. टॉन्सिलच्या खळग्यातले पिवळे खडेही असेच हुलकावणी देतात. खोकताना कधी बारीक, मऊ, प्रचंड वास मारणारा कण बाहेर आला असेल तर तो तोच. त्यासाठी कान-नाक-घसावाल्यांकडे.

शरीरातून येणारे खरे वास वेगळे ओळखता येतात. ताबा सुटलेल्या मधुमेहात गोडसर, नेलपॉलिश रिमूव्हरसारखा. मूत्रपिंड निकामी होताना अमोनियाचा. तिथे माउथवॉश शोधत बसू नये, तडक डॉक्टर गाठावा.

---

पेडण्याची_पोर

आई मधुमेही आहे आणि कवळी लावते. झिंकचा माउथवॉश रोज चालेल का? कुठेतरी वाचलं की जस्ताने मज्जातंतूंना इजा होते.

---

कुंडईकर → पेडण्याची_पोर

वाचलंय ते खोटं नाही, पण ते माउथवॉशचं नसून कवळी चिकटवायच्या क्रीमचं. २००८ मध्ये अमेरिकेतले काही रुग्ण प्रसिद्ध झाले. जस्त असलेली क्रीम ते ट्यूबच्या ट्यूब वापरायचे, वर्षानुवर्षं. जस्त पोटात जात राहिलं की आतडं तांबं घेईनासं होतं. रक्तातलं तांबं घसरलं, आणि हातापायांना बधिरपणा, चालताना तोल जाणं सुरू झालं. त्यानंतर बऱ्याच क्रीममधून जस्त काढलं गेलं. मोठ्या माणसासाठी दिवसाला ४० मिलिग्रॅम जस्त ही वरची मर्यादा धरतात, अन्नातलं धरून. माउथवॉशच्या दहा मिलिलिटर घोटात साधारण दहा मिलिग्रॅम जस्त असेल, आणि ते आपण थुंकतो. गिळायचं नाही एवढं आईंना सांगा.

---

दंतू_म्हापसा → पेडण्याची_पोर

कवळी रात्री काढून पाण्यात ठेवते का आई? तेच आधी विचार. कवळीचं प्लॅस्टिक वास धरून ठेवतं. रोज मऊ ब्रशने आणि साध्या साबणाने घासायची, टूथपेस्टने नाही, ओरखडे पडतात. टाळूवरही मऊ कापड फिरवायचं. साखर ताब्यात नसेल तर हिरड्या आणि तोंडाचा कोरडेपणा दोन्ही बिघडतात. तिथे आधी साखर.

---

तळ्यात_मळ्यात

डॉक्टर, सगळं ऐकलं. आता सरळ सांगा, विकत घ्यायचा तर कुठला? मला क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाचा दिला होता, चहाची चव गेली आणि दात तपकिरी झाले.

---

दंतू_म्हापसा → तळ्यात_मळ्यात

ब्रँडचं नाव इथे देणार नाही. तुम्हाला दिलेलं क्लोरहेक्सिडीन बहुधा ०.२ टक्क्यांचं. ते हिरड्यांच्या उपचारानंतर थोडे दिवस वापरायचं औषध आहे, लोक महिनोन्महिने ओढतात. चहा पिणाऱ्याच्या दातांवर डाग हमखास.

वासापुरतं बोलायचं तर क्लोरहेक्सिडीन अगदी कमी आणि त्याबरोबर जस्त, अशी जोडी उपयोगी पडते. परदेशात ०.०२५ टक्के क्लोरहेक्सिडीन आणि ०.३ टक्के झिंक अॅसिटेट असं मिश्रण प्रसिद्ध आहे. दोघांचा मिळून परिणाम प्रत्येकाच्या बेरजेपेक्षा जास्त येतो असं प्रयोगांत दिसलं. एक जंतू आवरतं, दुसरं वायू बांधतं. सेटिलपिरिडिनियम या दुसऱ्या जंतुनाशकाबरोबरही जस्त असंच वागतं.

पुराव्याबद्दलही बोलायला हवं, नाहीतर मीच फॉरवर्ड लिहिल्यासारखं होईल. कोक्रेन ही संस्था वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासते. तिच्या २००८ च्या आढाव्यात जंतू कमी करायला क्लोरहेक्सिडीन-सेटिलपिरिडिनियम आणि वायू निष्प्रभ करायला जस्त-क्लोरीन डायऑक्साइड, असं अनुकूल म्हटलं होतं, पण हाताशी चाचण्या मोजक्या. तिच्याच २०१९ च्या मोठ्या आढाव्यात चाचण्या पुष्कळ, तरी खात्री कमी ते फार कमी अशीच श्रेणी मिळाली. लहान चाचण्या, थोड्या दिवसांच्या, प्रत्येकाने वेगळं मोजलेलं. जस्त काही तास काम करतं हे मला पटतं. 'कायमचा इलाज' असं लिहिलेली बाटली मी घेणार नाही.

वापरायची रीत मात्र नीट सांगते, कारण तिथेच लोक चुकतात. रात्री झोपण्याआधी दात, मग दोरा, मग टंग क्लीनर मागून पुढे, हलक्या हाताने. ओकारी येते म्हणून पुढची जीभच घासत बसू नका. श्वास बाहेर सोडत मागे नेलं तर कमी येते. क्लोरहेक्सिडीनवाला माउथवॉश असेल तर पेस्टनंतर अर्धा तास थांबा, पेस्टमधल्या फेसाने तो बाद होतो. मग मान मागे टाकून 'आऽऽ' करत गुळणी, म्हणजे द्रव जिभेच्या मुळाशी जाईल. गालात खळखळवून थुंकला तर जिथे वास तयार होतो तिथे तो गेलाच नाही. नंतर पाण्याने चूळ भरायची नाही.

---

रायबंदरकर

ऑफिसात शेजारी बसणाऱ्या माणसाला वास येतो. चांगला माणूस आहे. सांगायचं कसं? हा धागा पाठवू?

---

हळदोणेची_सून → रायबंदरकर

धागा नका पाठवू, लेबल लावल्यासारखं वाटेल. एकटे असताना, 'तुमची दाढ दुखते का हल्ली?' असं विचारा. मी नवऱ्याला तेच विचारलं होतं.

---

दंतू_म्हापसा

सरळ सांगितलेलं लोकांना आवडतं, असा माझा अनुभव. एकांतात, एका वाक्यात, आणि 'दाखवून घ्या' म्हणून. उलटं टोकही असतं हं. तोंडाला वास नसताना येतोच अशी खात्री बाळगणारे, हात तोंडावर धरून बोलणारे. त्यांना 'नाही येत' म्हणून पटत नाही. त्यांना झिंक देऊन काही साधत नाही, निवांत ऐकून घ्यावं लागतं.

---

भाणवाला

डॉक्टर, दोरा दोरा म्हणताय, तो आमच्या बाजारात मिळत नाही. शिवणकामाचा चालेल का?

---

दंतू_म्हापसा → भाणवाला

नको काका, हिरडी कापेल. औषधाच्या दुकानात 'डेंटल फ्लॉस' म्हणून मागा. तुमच्या वयाला दातांमध्ये फटी असतील तर छोटा बाटली-ब्रशसारखा इंटरडेंटल ब्रश जास्त बरा, तिथेच मिळतो. आणि बांबोळीला काही कामाने येणं झालं तर गोवा दंत महाविद्यालयाच्या ओपीडीत किटण काढून घ्या, सकाळी लवकर या म्हणजे रांग कमी.

---

भाणवाला

काजूचा हंगाम संपला की येतो.